गाडगीळ फॉर्म्युला सगळ्यांना पाठ असतो, पण घरोघरी माणसं पाठवून पुणं मोजणारे धनंजयराव गाडगीळ कोण होते?

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत. या पाचपैकी कुठल्याही तालुक्यातलं एखादं पोरगं संध्याकाळी ट्रॅव्हल्समध्ये बसतं आणि सकाळी पुण्यात उतरतं. पेठेत कॉट बेसिसवर जागा, महिन्याची मेस, कोपऱ्यावरची अभ्यासिका असं बस्तान बसलं की एमपीएससीची पुस्तकं उघडली जातात. अर्थशास्त्राच्या पुस्तकात कधी ना कधी एक नाव येतंच, ते म्हणजे गाडगीळ फॉर्म्युला.

लोकसंख्येला किती टक्के, उत्पन्नाला किती टक्के हे पाठ केलं जातं, परीक्षेत लिहिलं जातं आणि विसरलंही जातं.

पण गंमत अशी आहे, की ज्या पुण्यात बसून ही पोरं तो फॉर्म्युला पाठ करतात, त्याच पुण्यात तो बनवणाऱ्या माणसाने ३६ वर्षं एक संस्था चालवली. शहरात कोण राहतं, काय काम करतं, किती कमावतं, याचा शोध त्याने थेट घरोघरी माणसं पाठवून घेतला होता. बाईच्या कामाला काय मोल मिळतं, गिरणी कामगाराची मजुरी कशी ठरावी, शेतकरी कर्ज कुणाकडून घेतो, असे सगळे प्रश्न त्याने हाताळले.

त्या माणसाचं नाव धनंजय रामचंद्र गाडगीळ. पश्चिम घाटाच्या अहवालामुळे घराघरांत पोचलेले पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचे ते वडील. कष्टकऱ्यांच्या प्रश्नांवर आयुष्यभर लिहिणाऱ्या अर्थतज्ज्ञ सुलभा ब्रह्मे यांचेही ते वडील. आज आपण या बापाची गोष्ट बघू.

नाशिकचा जन्म, नागपूरची शाळा आणि केंब्रिजचा प्रबंध

१० एप्रिल १९०१ रोजी धनंजयरावांचा जन्म नाशिकला झाला. शिक्षण झालं नागपुरात आणि तिथून ते गेले थेट इंग्लंडला, केंब्रिजमध्ये.

तो काळ असा होता, की इंग्रजांमुळे भारत गरीब झाला का सुधारला, या वादावर दोन्ही बाजूंनी भरपूर भाषणं होत होती. गाडगीळांनी केंब्रिजमध्ये प्रबंधासाठी विषय घेतला तो भारतातले उद्योगधंदे नेमके कसे बदलत गेले याचा. रेल्वे आल्यावर काय झालं, हातमागवाले आणि कारागीर कुठे गेले, गिरण्या कशा उभ्या राहिल्या, दुष्काळात शेतमजुराचं काय झालं, हे त्यांनी क्रमाने मांडलं.

त्यातला एक धागा आपल्या भागाच्या जवळचा आहे. १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होतं. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून भारतातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. त्या काळी निजामाच्या राज्यात असलेली हिंगोली कापसाची नावाजलेली बाजारपेठ होती. जगाच्या दुसऱ्या टोकाला झालेल्या लढाईने दख्खनच्या शेतकऱ्याच्या घरातला हिशोब कसा बदलतो, हे समजून घ्यायचं तर असं पुस्तक लागतं.

१९२४ साली हा प्रबंध पुस्तक म्हणून प्रसिद्ध झाला. नाव होतं द इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रिसेंट टाइम्स. तेव्हा गाडगीळांचं वय होतं अवघं २३ वर्षं. पुढे कित्येक दशकं हे पुस्तक देशभरातल्या विद्यापीठांत अर्थशास्त्राच्या मुलांनी वाचलं.

परत आल्यावर काही काळ सरकारी नोकरी आणि १९२५ पासून सुरतेच्या कॉलेजात प्राचार्यपद, असा त्यांचा प्रवास झाला. मग आलं १९३० साल.

गोखले इन्स्टिट्यूट उभी राहिली

साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी दिलेल्या देणगीतून ६ जून १९३० रोजी पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट सुरू झाली. राजकारण आणि अर्थशास्त्राचा अभ्यास करणारी ही संस्था डेक्कन जिमखान्याजवळ, भारत सेवक समाजाच्या आवारात आहे. तिचे पहिले संचालक होते गाडगीळ.

संस्थेचं वेगळेपण बघायचं असेल तर एकच उदाहरण पुरे. काळ्यांच्या नावाने इथे दरवर्षी व्याख्यान होऊ लागलं. १९३९ सालचं व्याख्यान द्यायला आले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांनी विषय घेतला होता संघराज्य आणि स्वातंत्र्याचा.

पण गाडगीळांचा खरा जीव होता तो सर्वेक्षणात.

आज आपल्याला सर्व्हे हा शब्द इतका सवयीचा झालाय की त्यात विशेष काही वाटत नाही. १९३० च्या दशकात मात्र परिस्थिती वेगळी होती. सरकारकडे जमीन महसुलाचे आकडे होते आणि दर दहा वर्षांनी जनगणना व्हायची. पण एखाद्या साध्या कुटुंबाचं महिन्याला कसं भागतं, हे सांगणारी माहिती फारशी नव्हतीच. गरिबीवर बोलणारे पुष्कळ होते, ती मोजणारे मोजकेच होते.

गाडगीळांनी मोजायला सुरुवात केली. वाई तालुक्यातल्या शेतीचा जमाखर्च तपासला. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या पाण्याने नेमका कुणाचा किती फायदा झाला, हे गावोगाव जाऊन बघितलं आणि १९४८ मध्ये त्याचा अहवाल काढला.

आणि १९३६-३७ मध्ये त्यांनी हात घातला तो खुद्द पुणे शहराला.

पुणं मोजायचं म्हणजे काय?

समजा, तुम्हाला सांगितलं की पुण्यातला माणूस सरासरी किती कमावतो ते शोधा. तुम्ही कुणाला विचाराल? नारायण पेठेतल्या वकिलाला विचाराल तर एक उत्तर येईल, मंडईतल्या हमालाला विचाराल तर दुसरं. ओळखीच्याच लोकांना विचाराल तर तिसरं आणि तेही चुकीचं.

म्हणून नमुना निवडतात. म्हणजे शहरातली सगळी घरं न तपासता ठरावीक रीतीने काही घरं निवडायची. निवडताना आपली आवडनिवड मध्ये येऊ द्यायची नाही. वाड्यातला मालक जसा यादीत येऊ शकतो, तसाच मागच्या खोलीतला भाडेकरूही आला पाहिजे. मग त्या प्रत्येक घरी जायचं आणि एकसारखेच प्रश्न विचारायचे.

ऐकायला सोपं आहे, करायला नाही. कारण कमाई किती असं विचारलं की लोक दचकतात. कुणी कमी सांगतं, कुणी जास्त. घरात बसून विड्या वळणारी बाई स्वतःला कामगार म्हणवूनच घेत नाही. आज काम, उद्या घरी बसून अशा माणसाला महिन्याची कमाई विचारली तर तो काय सांगणार?

या सगळ्यातून वाट काढत गाडगीळांच्या चमूने पुण्याचं सामाजिक आणि आर्थिक सर्वेक्षण केलं. त्याचा पहिला भाग १९४५ मध्ये आणि दुसरा १९५२ मध्ये छापला गेला. पुढे १९५४ मध्ये संस्थेने पुन्हा तेच शहर मोजलं आणि या मधल्या काळात लोकांची कामं आणि कमाई कशी बदलली, हे १९५६ च्या पुस्तकातून समोर आणलं.

एकाच शहराचं सतरा वर्षांच्या अंतराने केलेलं हे दुहेरी मोजमाप फार मोलाचं आहे. एकदा काढलेला फोटो फक्त आज काय आहे ते सांगतो. दोन फोटो शेजारी ठेवले की कोण पुढे गेलं आणि कोण तिथेच राहिलं ते कळतं.

कोल्हापूर आणि सोलापूर या शहरांचेही असे अभ्यास पुढे गोखले इन्स्टिट्यूटमधूनच झाले.

मजुरी कुणी ठरवायची?

दुसरं महायुद्ध सुरू होतं. महागाई भडकली होती आणि गिरण्यांमध्ये पगारावरून भांडणं होत होती. १९४३ मध्ये गाडगीळांनी मजुरीचं नियमन आणि औद्योगिक कामगारांचे प्रश्न या विषयावर पुस्तक लिहिलं. मजुरी हा मालक आणि कामगार यांच्यातला खासगी व्यवहार म्हणून सोडून देता येत नाही, तिच्यासाठी नियम आणि यंत्रणा लागते, अशा दिशेने त्यांचा विचार चालला होता. धान्याच्या किमतीबद्दलही त्यांची भूमिका तशीच होती. टंचाईच्या काळात भावावर नियंत्रण आणि रेशनिंग हवं, नाहीतर ज्याच्या खिशात पैसा त्याच्याच ताटात धान्य, असं त्यांचं म्हणणं होतं.

१९६५ मध्ये त्यांचं अजून एक छोटं पुस्तक आलं. विषय होता देशातल्या श्रमशक्तीत बायकांचं स्थान. काम करणाऱ्या बायकांकडे अर्थशास्त्राचं फारसं लक्ष नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट आहे. वेगवेगळ्या भागांत बायका किती प्रमाणात कामावर जातात, कुठल्या कामात असतात आणि त्याचं मोल काय, हे प्रश्न त्यांनी अभ्यासाच्या टेबलावर आणले.

सावकाराचा हिशोब

१९५१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्रामीण पतपुरवठ्याचं देशव्यापी सर्वेक्षण हाती घेतलं. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीत गाडगीळ होते. ७५ जिल्हे, ६०० गावं आणि तब्बल १,२७,३४३ कुटुंबं. कॉम्प्युटर नसताना हे सगळं झालं.

निष्कर्ष धक्का देणारा होता. शेतकऱ्याला मिळणाऱ्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा होता जेमतेम ३ टक्के. सावकारांचा वाटा होता सुमारे ७० टक्के. सहकाराच्या इतक्या वर्षांच्या गप्पा आणि हातात ३ टक्के! या आकड्यामुळेच सहकारात सरकारने भागीदार म्हणून उतरावं, हा विचार पुढे आला.

गाडगीळ नुसते अहवाल लिहून थांबले नाहीत. नगर जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना काढायची धडपड करत होते. गाडगीळ त्यांच्यासोबत उभे राहिले. प्रवरेच्या कालव्यावरचा ऊस त्यांनी आकड्यांतून पाहिलेला होताच. १९५० मध्ये प्रवरा कारखाना उभा राहिला आणि त्याचे सुरुवातीचे अध्यक्ष होते हे पुण्याचे प्राध्यापक. देशातल्या पहिल्या यशस्वी सहकारी साखर कारखान्यांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. हीच वाट पुढे राज्यभर गेली. वसमतचा पूर्णा सहकारी साखर कारखाना हे त्याच वाटेवरचं हिंगोली जिल्ह्यातलं उदाहरण.

पण इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. या मॉडेलमध्ये मालक झाला तो ऊस पिकवणारा शेतकरी. ऊस तोडणारा मालक झाला नाही. दिवाळीनंतर बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणारी कुटुंबं मराठवाड्यातून निघतात, हिंगोलीच्या तांड्यांवरूनही निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो आणि हिशोब मुकादमाच्या वहीत राहतो. बाईची मजुरी वेगळी दिसतच नाही. ज्या माणसाने बायकांच्या कामाचं मोल हा प्रश्न मांडला, त्याच माणसाने उभ्या केलेल्या सहकारात हा प्रश्न शिल्लक राहिला. गाडगीळांचं मोठेपण मान्य करूनही हे नोंदवावं लागतं.

आणि मग आला तो फॉर्म्युला

१९६६ मध्ये गाडगीळ संस्थेतून निवृत्त झाले. राज्यसभेत नियुक्त सदस्य, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू अशा जबाबदाऱ्या आल्या आणि सप्टेंबर १९६७ मध्ये इंदिरा गांधींच्या काळात ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले.

त्या वेळी मोठं भांडण होतं ते राज्यांना मिळणाऱ्या केंद्राच्या पैशाचं. कुणाला किती द्यायचे याला पक्का नियम नव्हता. कुठल्या राज्याची दिल्लीत किती ओळख, यावर बरंच काही अवलंबून राहायचं. १९६७ च्या निवडणुकीत अनेक राज्यांत काँग्रेस हरली होती, त्यामुळे तर संशय अजूनच वाढला होता.

गाडगीळांनी सूत्र आणलं. चौथ्या पंचवार्षिक योजनेपासून, म्हणजे १९६९ पासून ते लागू झालं. आधी आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांच्या गरजा बाजूला काढायच्या. उरलेल्या पैशातले ६० टक्के लोकसंख्येवर वाटायचे. १० टक्के देशाच्या सरासरीपेक्षा कमी दरडोई उत्पन्न असलेल्या राज्यांना. १० टक्के कर गोळा करण्याच्या प्रयत्नांवर. १० टक्के आधीच सुरू असलेल्या मोठ्या पाटबंधारे आणि वीज प्रकल्पांसाठी. शेवटचे १० टक्के राज्यांच्या खास अडचणींसाठी.

एवढंच. एका पानावर मावणारा हिशोब.

यावर टीकाही झाली. गरिबीला फक्त १० टक्के वजन का, असा प्रश्न मागास राज्यांनी विचारला आणि तो योग्यच होता. १९८० आणि १९९१ मध्ये सूत्रात बदलही झाले. पण एक मोठी गोष्ट घडली होती. आपल्याला कमी का मिळालं, हे आता कुठल्याही राज्याला कागद-पेन घेऊन तपासता येत होतं. कमी पैसे मिळाले म्हणून भांडायचं तर नेमकं कुठल्या टक्क्यावर भांडायचं, तेही कळत होतं.

त्याच १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. बँका खेड्यापर्यंत न्यायच्या कशा, यावर गाडगीळांच्या अभ्यासगटाने जिल्हा हा घटक धरून काम करायला सुचवलं. त्यातून लीड बँक योजना आली. आज तुमच्या जिल्ह्यात जी अग्रणी बँक असते, तिचं मूळ इथे आहे.

१९७१ च्या निवडणुकीनंतर नियोजन आयोगाची फेररचना झाली आणि गाडगीळ पद सोडून निघाले. दिल्लीहून पुण्याला परत येताना ३ मे १९७१ रोजी रेल्वेतच त्यांचं निधन झालं. आयुष्यभर लोकांच्या घरी माणसं पाठवून माहिती गोळा करणारा हा माणूस स्वतःच्या घरी मात्र पोचू शकला नाही.

मग हिंगोलीचं काय?

गाडगीळांचं सूत्र राज्यापर्यंत येऊन थांबतं. महाराष्ट्राला पैसे मिळाले, पण महाराष्ट्रात ते कुठे गेले? हा प्रश्न उचलला तो गाडगीळांनंतर गोखले इन्स्टिट्यूटचे संचालक झालेल्या वि. म. दांडेकरांनी. १९७१ मध्ये त्यांनी नीलकंठ रथ यांच्यासोबत देशातल्या गरिबीचं मोजमाप मांडलं. १९८३ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले आणि १९८४ च्या अहवालात राज्याचा विकासाचा अनुशेष मोजला गेला. अनुशेष हा शब्द मराठवाड्याच्या तोंडी बसला तो तेव्हापासून.

पण दांडेकर समितीने मोजलं ते जिल्हावार आणि त्या वेळी हिंगोली जिल्हाच नव्हता. हिंगोली परभणीत होती. १ मे १९९९ रोजी ती वेगळी झाली. म्हणजे सेनगाव किंवा औंढ्याची परिस्थिती परभणीच्या सरासरीत मिसळून गेली होती. सरासरी असंच करते. दोन माणसांपैकी एकाने दोन भाकरी खाल्ल्या आणि दुसरा उपाशी राहिला, तरी सरासरी एक भाकरी येते. घटक जितका मोठा, तितका उपाशी माणूस झाकला जातो.

आता काळ बदललाय. रात्री उपग्रहातून दिसणारे दिवे, घरांची छपरं, मोबाइलचा वापर यावरून कुठल्या भागात गरिबी जास्त आहे याचा अंदाज कॉम्प्युटर लावतो. याला मशीन लर्निंग म्हणतात. शहरातली घरभाडी, वस्त्यांची वाढ, मजुरीतली तफावत या सगळ्याचा अभ्यास जगभरात असा चालू आहे.

पण मशीन शिकतं कशावरून? आधी कुणीतरी खऱ्या घरात जाऊन गोळा केलेल्या माहितीवरून. छप्पर पत्र्याचं आहे आणि त्या घराची कमाई इतकी आहे, अशी हजारो उदाहरणं दिल्यावरच ते पुढचा अंदाज बांधतं. ही उदाहरणं मोठ्या शहरांतून जास्त आली, तर २०११ च्या जनगणनेत ११ लाख ७७ हजार लोकसंख्या असलेल्या आणि जिथे जवळपास ८५ टक्के लोक खेड्यात राहतात अशा हिंगोलीबद्दल त्याचा अंदाज चुकू शकतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या घराला कुलूप असतं, दिवा लागत नाही. उपग्रहाला तिथे फक्त अंधार दिसतो. ती माणसं कुठे गेली, हे दारात जाऊन शेजारच्या म्हातारीला विचारलं तरच कळतं.

दुसरा फरक अजून महत्त्वाचा आहे. गाडगीळांच्या सूत्रात कशाला किती वजन द्यायचं, हे माणसांनी ठरवलं होतं आणि ते सगळ्यांसमोर होतं. मशीन ही वजनं आकड्यांतून स्वतः शोधतं आणि बऱ्याचदा ती साध्या माणसाला वाचता येत नाहीत. उद्या एखाद्या योजनेच्या यादीतून तुमचं नाव गळलं, तर कुठल्या टक्क्यावर भांडायचं?

म्हणून पुढच्या वेळी ६०, १०, १०, १०, १० असं पाठ करताना एवढं लक्षात ठेवा. जो हिशोब आपल्यावर लागू होतो, तो आपल्याला तपासता आला पाहिजे. गाडगीळांच्या सूत्रात उणिवा होत्या, पण ते सूत्र तपासता येत होतं. म्हणून तर त्या उणिवा दिसल्या आणि दोनदा बदलही करावे लागले.